नऊ नंबरची बादली

संशोधन केंद्रात मला सगळे फौजदार म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण माझे कान अजून शाबूत आहेत. म्हणेनात का! एकतीस वर्षं मी एकाच जंगलातल्या नऊ झाडांवर पाळत ठेवून आहे. पाळत ठेवणाऱ्याला आणखी काय म्हणायचं?

नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात थोरल्या साहेबांनी मला एक नंबरच्या झाडाखाली उभं केलं आणि सांगितलं, "हे बघ, ह्या जंगलात नवीन फारसं काही येत नाही आणि जुनं फारसं काही बाहेर जात नाही. नत्र, स्फुरद, पालाश, चुना, सगळे इथेच फिरतात. मातीतून मुळात, मुळातून पानात, पान गळलं की पुन्हा मातीत. आपण फक्त बघायचं, कोण कधी कुठे गेला." मी म्हटलं, "म्हणजे साहेब, नजर ठेवायची." साहेब हसले. मला मात्र जन्माचं काम मिळालं. माणसांवर संशय घेतला की भांडणं होतात. चुन्यावर घ्या, स्फुरदावर घ्या, कोणी ब्र काढत नाही.

काम असं. प्रत्येक झाडाखाली लोखंडी तिपाई, तिच्यावर मोठ्या तोंडाची बादली, तोंडाला जाळी. पानं जाळीवर अडकतात, पानांवरून ठिबकलेलं पाणी खाली बादलीत साचतं. दर सोमवारी मी जायचं, पानं पिशवीत भरायची, पाणी मापाने मोजून लिटर लिहायचे, छोटी बाटलीभर लॅबसाठी घ्यायचं आणि उरलेलं पाणी त्याच झाडाच्या बुडाशी ओतायचं. ही थोरल्या साहेबांची शिस्त. झाडाचं ते झाडाला. केंद्रातले इतर लोक कंटाळा करून पाणी तिथेच कुठेतरी भिरकावतात. मी एकतीस वर्षांत एक थेंब इकडचा तिकडे सांडला नाही. ह्याबद्दल मला कोणी शाल-श्रीफळ द्यावं अशी अपेक्षा नव्हती, पण निवृत्तीला दोन महिने राहिले असताना एवढं म्हणायचा हक्क मला आहे असं मला वाटत होतं.

तर यंदा लॅबमध्ये नवं मशीन आलं. जुनं मशीन बिचारं चार-पाच नावं ओळखायचं, हे नवं जस्त, तांबं, शिसं, सगळ्यांना हुडकून काढतं. लॅबच्या मॅडम, माझ्या लेकीपेक्षा तीनच वर्षांनी मोठ्या, त्यांनी सुरुवातीला एक, दोन आणि तीन नंबरच्या झाडांची माती आणि पानं लावून पाहिली. संध्याकाळी कागद माझ्या पुढ्यात ठेवला. जस्त नेहमीच्या आठपट.

"काका, हे कुठून आलं असेल?" त्यांनी विचारलं.

मला विचार करायची गरजच नव्हती. एक, दोन आणि तीन नंबरची झाडं जंगलाच्या कडेला आहेत, आणि कडेला लागून एका कारखान्याची मागची भिंत आहे. लोखंडी फाटकं, नळ, बादल्या वितळलेल्या जस्तात बुडवून त्यांना मुलामा द्यायचा कारखाना. अकरा माणसं कामाला. आणि मालक कोण, तर माझे व्याही. माझी एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिलेली आहे, कारखान्याच्या वरच्या मजल्यावर राहते, आणि जावई खाली त्या जस्ताच्या हौदावर उभा असतो.

दुसरा एखादा म्हणाला असता, जाऊ दे, घरातली गोष्ट आहे, आधी विचारून बघू. मी त्यातला नाही. उलट घरातली गोष्ट म्हणूनच माझं डोकं सटकलं. पोरीचं लग्न झाल्यापासून सहा वर्षं हा माणूस माझ्याशेजारी बसून चहा पितो, "काय म्हणतात तुमची झाडं?" विचारतो, आणि मागच्या दाराने कारखान्यातलं जस्ताच्या धुवणाचं पाणी माझ्याच झाडांना पाजतो? मी त्याच दिवशी तक्रार लिहिली आणि मॅडमनाही न विचारता सरळ वरच्या कचेरीत पाठवली. तीन आठवड्यांनी सुनावणी ठरली. आरोप सिद्ध झाला तर कारखान्याला सील.

लेक दुसऱ्याच दिवशी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही, दारातच उभी राहिली.

"बाबा, तुम्ही कारखान्याला नाही, माझ्या घराला सील लावताय."

"मी काही लावत नाही. जस्त लावतंय."

"मामंजींनी हौदाला झाकण बसवलंय, धुवणाचं पाणी वेगळ्या टाकीत जातं, टँकर येऊन घेऊन जातो. तुम्ही एकदा येऊन बघितलंत?"

"दाखवायला ठेवलेलं बघून काय करू? मागे काय चालतं ते बघायला पाहिजे."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी तिच्या दप्तरात दुसऱ्या कुणाची पेन्सिल सापडली होती आणि मी तिची तासभर उलटतपासणी घेतली होती. पेन्सिल बाईंनी बक्षीस दिलेली होती. तशीच बघत राहिली. मग म्हणाली, "सील लागलं तर आम्ही सगळे हे गाव सोडू. मग तुम्ही इथे झाडं सांभाळत बसा." आणि गेली. बायको आतून म्हणाली, "झालं समाधान?" दोन दिवस ती माझ्याशी शब्द बोलली नाही. भाजीत मीठ मात्र दुप्पट होतं, ते मुद्दाम की चुकून, ह्याचा छडा मला अजून लागलेला नाही.

मी पाळत वाढवली. सोमवार नसला तरी पहाटे जंगलात जायला लागलो. आणि काहीतरी काळंबेरं आहे ह्याची खात्री पटत गेली. दोन नंबरच्या झाडाखाली ओल्या मातीत बुटांचे ठसे. माझे नव्हेत, माझ्या टाचा झिजलेल्या आहेत. तिपाई बोटभर सरकलेली. तीन नंबरपाशी एक उग्र वास, व्हार्निशसारखा. मी सगळं डायरीत तारीखवार लिहून ठेवलं. पुढच्या आठवड्यात चार नंबरला तोच वास, मग पाच नंबरला. हा माणूस पुढे पुढे सरकत होता.

आणि एका पहाटे मी त्यांना पकडलंच. म्हणजे पाहिलं. करवंदीच्या जाळीमागे मी बसलेलो, आणि समोरून व्याही. हातात छोटा डबा, काखेत फडकं, एका हाताने गुडघा दाबत सहा नंबरच्या झाडाकडे निघालेले. भोवताली बघितलं, बादली तिपाईवरून उतरवली आणि माझ्याकडे पाठ करून खाली बसले. दहा मिनिटं काय करत होते देव जाणे. मला दिसली ती फक्त पाठ. त्याच वेळी पुढे होऊन धरायला पाहिजे होतं. पण मी विचार केला, आत्ता धरलं तर सारवासारव करतील; सुनावणीत सगळ्यांसमोर डायरी वाचून दाखवतो. पुरावा नाहीसा करायला येताय काय? बघतोच!

व्याही गेल्यावर मी बादलीत नाक घातलं. तोच उग्र वास.

इकडे मॅडमचं वेगळंच. त्या म्हणाल्या, "काका, कारखान्याजवळची माती बघितली, पण कारखान्यापासून लांबची एकतरी बघायला हवी. नाहीतर समिती विचारेल की तुलना कशाशी केलीत." मला पटलं. नऊ नंबरचं झाड डोंगराच्या पलीकडच्या उतारावर आहे. कारखान्यापासून दीड तासाची चढण, मध्ये ओढा, वारासुद्धा तिकडून इकडे वाहतो. तिथे जस्त नसणार म्हणजे नसणार, आणि मग व्याह्यांना पळायला वाट नाही. मी स्वतः जाऊन बुडाशी खणून माती आणली, पिशवीवर सही केली, मॅडमच्या हातात दिली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी निकाल आला. नऊ नंबरला जस्त सगळ्यात जास्त. अकरापट.

"अशक्य," मी म्हटलं.

"मी दोनदा लावून बघितलं, काका."

"पिशव्या बदलल्या असतील."

"कोणी?"

एक नाव मनात आलंच. गेल्याच आठवड्यात मी मॅडमना कारखान्याच्या फाटकाशी बघितलं होतं, व्याह्यांच्या हातचा चहा पिताना. म्हणजे ह्यांनाही फितवलं! माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. मॅडमना काही न सांगता मी पिशवी आणि खुरपं उचललं आणि नऊ नंबरकडे निघालो. नवी माती आणायची आणि ती मशीनमध्ये जाईपर्यंत हातातून सोडायची नाही, असं ठरवून.

चढताना माझं डोकं चालूच होतं. मॅडमना काय मिळालं असेल, जावई सामील असेल का, लेकीला ठाऊक असेल का. ओढा ओलांडला तरी त्या विचारांतून बाहेर पडलो नव्हतो. पोचेपर्यंत धाप लागली.

नऊ नंबरचं झाड माझं लाडकं. इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही, पण आहे. गेली पाच-सहा वर्षं त्याची पानं पिवळट पडत होती, फक्त शिरा हिरव्या. मी रोग समजत होतो, कीड शोधत होतो, सालीवरून हात फिरवत होतो. त्या दिवशीही आधी तेच केलं. मग पाहिलं, परवाच्या पावसाने बादली निम्मी भरली होती. सोमवार नव्हता, तरी सवय. पाणी मोजलं, डायरीत लिहिलं, चार लिटर दोनशे. मग बादली उचलली आणि बुडाशी तिरकी केली.

ऊन नेमकं बादलीच्या आत पडलं.

आतून ती बादली नागडी झाली होती. काठाशी जस्ताची रुपेरी चमक होती, आणि जिथपर्यंत दर आठवड्याला पाणी साचायचं तिथून खाली सगळं काळपट, खरबरीत, तळाशी गंजाचे डाग. मुलामा गेलेला. मी बादली सरळ केली. निम्मं पाणी आधीच मुळांशी गेलं होतं.

मुलामा गेला तो कुठे गेला? एकतीस वर्षं मी हाच एक प्रश्न विचारत आलोय. कोण कधी कुठे गेला.

आठवायला डायरीची गरज नव्हती. चोवीस वर्षांपूर्वी बादल्या प्लास्टिकच्या होत्या. उन्हाने तडकायच्या, खारी कुरतडायच्या, दर दोन महिन्यांनी नवी. नियमात लिहिलंय, बादली प्लास्टिकचीच. पण मी वैतागून खाली त्या कारखान्यात गेलो आणि नऊ पत्र्याच्या बादल्यांना मुलामा देऊन घेतला. तेव्हाच त्या मालकाशी ओळख झाली, पुढे घरोबा झाला, पुढे मुलांचं लग्न. रजिस्टरच्या छापील तक्त्यात मात्र 'प्लास्टिक बादली' असंच होतं, आणि खाली दर सोमवारी माझी सही. पानांचा आंबट अर्क आठवडाभर त्या जस्तात मुरायचा आणि सोमवारी मी तो, एक थेंब न सांडता, झाडाला पाजायचो. झाडाने तो मुळांनी उचलला, पानांत चढवला, पानं खाली टाकली, ती कुजली, पुन्हा मातीत. वरून मी आणखी पाजायला हजर. भिरकावणारे कामचुकार परवडले असते. पिवळी पडली होती ती पानं मीच पिवळी केली होती.

मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, चांगलं हुंदके देऊन आलं.

उरलेलं पाणी लांब खडकावर ओतून मी ती बादली सोबत घेतली. उतरताना आठ नंबरला थांबलो. बादली उतरवून आत बोट फिरवलं. गुळगुळीत. आतून पातळ, पारदर्शक व्हार्निशचा हात दिलेला, अगदी काठापर्यंत, एकही बुडबुडा न ठेवता. तो वास. सात नंबरलाही तसंच, सहालाही. गुडघा दाबत एक माणूस पहाटे पहाटे आठ झाडांपर्यंत चढला होता आणि माझ्या बादल्यांमधलं उरलंसुरलं जस्त आतल्या आत कोंडून गेला होता. नवव्यापर्यंत त्याचे पाय पोचले नव्हते, एवढंच.

आता मात्र मला खरोखर काही कळेना. ह्याला ठाऊक होतं. मग हा बोलत का नाही?

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्या सांगणार ना?" मी म्हटलं, "एकतीस वर्षांवर बोळा फिरेल." ती म्हणाली, "फिरू दे. लेक तरी राहील." आणि त्या दिवशीच्या भाजीत मीठ बरोबर होतं.

सुनावणी सकाळी अकराला, केंद्राच्या हॉलमध्ये. समितीचे तिघे, मॅडम, एका बाजूला व्याही इस्त्रीचा शर्ट घालून, मागे लेक आणि जावई. लेक माझ्याकडे बघत नव्हती. अध्यक्षांनी व्याह्यांना विचारलं, "तुम्हाला तुमच्या बाजूने काही सांगायचंय?"

व्याही उठले. "जस्त आमच्याच कारखान्यातलं आहे," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

हॉलमध्ये कुजबुज झाली. लेकीने तोंडावर हात ठेवला. मी ताडकन उभा राहिलो.

"साहेब, हा माणूस अर्धं सांगतोय. जस्त त्यांचं, पण झाडांना पाजलं मी." आणि मी पिशवीतून नऊ नंबरची बादली काढून टेबलावर ठेवली. मग सगळं सांगितलं. प्लास्टिक कधी टाकलं, तक्त्यावर खोटी सही किती सोमवार केली, पाणी कुठे ओतलं. "भिंतीकडे बघायचं कारण नाही. नऊच्या नऊ झाडांखाली खणा आणि मधल्या मोकळ्या जागेत खणा. जस्त फक्त माझ्या हाताखाली सापडेल. तक्रार मी मागे घेतो. शिक्षा काय ती मला करा."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमची चोवीस वर्षांची नोंद..."

"जस्तापुरती गेली. बाकीचंही तपासून घ्या. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल बोललो होतो. मॅडम मात्र अचानक पुढे झुकल्या. "काका, प्रत्येक आठवड्याला किती लिटर ओतलंत ते लिहिलंय ना? मग किती जस्त गेलं आणि पानांत किती चढलं, हे काढता येईल! असं कुठे मिळतं बघायला?" त्यांचे डोळे चमकत होते. माझं मरण चाललं होतं आणि ह्यांना हुरूप आला होता. पण ह्या बाईंवर मी पिशव्या बदलल्याचा संशय घेतला होता, त्यामुळे आता तक्रार करायची माझी सोय नव्हती.

कारखान्याची फाईल तिथेच बंद झाली. माझी उघडली.

दुपारी मी कारखान्यात गेलो. व्याही अंगणात स्टुलावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. मी समोर उभा राहिलो आणि सरळ विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तुमची तक्रार आली त्याच दिवशी. त्या बादल्या मी स्वतः बुडवल्यात हो. एकदाच बुडवतात. मी दोनदा बुडवल्या होत्या. तुम्ही म्हणाला होतात, माझी नोकरी संपेपर्यंत टिकायला पाहिजेत."

"मग सांगायचं नाही? तोंडाला कुलूप लावून पहाटे व्हार्निश फासत फिरायचं?"

"तुम्हाला दोनच महिने राहिले होते," ते म्हणाले. "म्हटलं, सुखाने जाऊ द्यावं. बादल्या बंद केल्या की पुढचं तरी थांबेल. कारखाना काय, दुसऱ्या गावात उभा राहतो. एकतीस वर्षं कुठून आणणार होतात?"

"तुम्ही वेडे आहात," मी ओरडलो. "घरदार उठवायला निघाला होतात! अकरा माणसं! आणि माझी पोर! कशासाठी, तर माझ्या सह्यांसाठी?" मी त्यांच्या बुटांचे ठसे डायरीत काढून ठेवले होते, लांबी-रुंदीसकट. व्याह्यांनी दुसरं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

"नवव्याची मुळं अजून ते पाणी पीत असतील," ते म्हणाले. "उद्या तुमच्याबरोबर येऊ का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. माझ्या पाठीवर नवी प्लास्टिकची बादली आणि रिकामा कॅन, माझ्या खांद्यावर त्यांचा हात. दीड तासाची चढण अडीच तासांत झाली. दर वळणावर ते मला शिव्या देत होते आणि मी ऐकून घेत होतो. समितीने त्याच दुपारी नऊ नंबरची बादली परत जागेवर ठेवून तिपाईला सील केलं होतं. मॅडमनी सकाळी ते सील काढायची परवानगी दिली होती, म्हणाल्या, पाणी मोजा आणि कॅनमध्ये घेऊन या. रात्रीत पुन्हा पाऊस झालेला. तीन लिटर शंभर.

मी लिहिलं, बादली उचलली, आणि हात आपसूक झाडाच्या बुडाशी गेला.

व्याह्यांनी माझं मनगट धरलं. मी बादली कॅनवर तिरकी केली, एक थेंब सांडू दिला नाही.

तो कॅन मी खाली आणला. मॅडमनी बाटलीभर काढून घेतलं, उरलेलं घेऊन आम्ही कारखान्यात गेलो. मागच्या बाजूला धुवणाच्या पाण्याची टाकी होती, झाकण लावलेली, बाजूला टँकरच्या फेऱ्यांचा तक्ता टांगलेला, अगदी लेकीने सांगितल्यासारखी. सहा वर्षांत मी तिथवर कधी आलो नव्हतो. वरून लेकीने पाहिलं, चपला न घालता खाली आली आणि दोन्ही हातांनी झाकण उचलून धरलं.

"ओता बाबा," ती म्हणाली. "मी धरलंय."